गुरगुरू द्या त्याला

शाळेत रजेचा अर्ज लिहिताना खाली 'आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी' असं लिहायचं असतं. ताप असो की मावशीचं लग्न, आज्ञाधारक असल्याशिवाय सुट्टी मिळत नाही. त्या शब्दाचा अर्थ मला शाळेत कधी नीट कळला नाही. घरी कळला, कारण घरी भुऱ्या होता.

भुऱ्या म्हणजे आमचं गावठी कुत्रं. आमचं गाव सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाच्या अंगाला. चणा-गहू उभा असला की रात्री रोही आणि रानडुकरं शेतात उतरतात, म्हणून जागलीला घरोघरी कुत्रं असतंच. पण बाबांना नुसतं भुंकणारं कुत्रं नको होतं, शिकलेलं हवं होतं. त्यांनी हातात तुराटी धरून भुऱ्याला 'बस' शिकवलं. बसला नाही की पाठीत एक. भुऱ्या शिकला. पाहुणे आले की बाबा नुसती तुराटी उचलायचे आणि भुऱ्या कान पाडून, शेपूट पोटाखाली घेऊन खाली बसायचा. पाहुणे म्हणायचे, "वा! माणसापेक्षा बरं ऐकते." मी वर्गात ते मिरवत सांगायची.

मग एक दिवस भुऱ्या ताटलीवर गुरगुरला. बाबा त्याच्या समोरची भाकर पायानं सरकवत होते, आणि तो ओठ वर करून गुरगुरला. "ज्याचं खाते त्याच्यावरच गुरगुरते काय बे?" त्या दिवशी तुराटी मोडली. पुढे जेव्हा जेव्हा गुरगुरला, तेव्हा तेव्हा मार. दोन-तीन महिन्यांत गुरगुरणं पूर्ण थांबलं. ताटली ओढा, हाडूक ओढा, भुऱ्या चूप. बाबा म्हणाले, आता खरा सुधारला.

मी आठवीत होते त्या उन्हाळ्यात काकांकडची मंडळी आली. त्यांची चार वर्षांची पोरगी अंगणात खेळत होती. भुऱ्या निंबाखाली हाडूक चघळत होता. ती त्याच्याजवळ जाऊन वाकली. भुऱ्या गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत, काहीच नाही. सरळ गालाला चावला. आजीनं जखमेवर हळद दाबली, कुणी चुना लावा म्हणालं, आणि या गोंधळात अर्धा तास गेला. (हे इथंच सांगून टाकते: कुत्रं चावलं की आधी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची यातलं काहीही नाही.) पोरीला टाके पडले, रेबीजची इंजेक्शनं झाली, ती वाचली. संध्याकाळी काका म्हणाले, "जनावर हाये, कधी पलटन सांगता येत नाही. सोडून या त्याले." भुऱ्याला पोत्यात घालून, मोटारसायकलवर बांधून, दोन गावं सोडून नदीच्या पल्याड सोडलं. पोत्याचं तोंड मी धरलं होतं. बाबांनी 'बस' म्हटलं तेव्हा तो पोत्यातही बसला.

भुऱ्या पलटला नव्हता. गुरगुरणं ही कुत्र्याची नोटीस असते. मला भीती वाटते आहे, मागे सरक, नाहीतर माझ्याकडे एकच उपाय उरेल, असं तो सांगत असतो. आम्ही त्याची भीती कमी केली नाही, फक्त ती सांगायची सोय काढून घेतली. भुऱ्याला आम्हीच न सांगता चावायला शिकवलं आणि त्याला 'सुधारला' म्हणालो.

माझे बाबा क्रूर नव्हते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळताना त्यांचे हात बघावेत. नवा गोऱ्हा जुवाला लावायचा तर त्याला जाणत्या बैलाच्या जोडीला बांधून, दमानं, दिवसेंदिवस शिकवणारा हा माणूस. पण कुत्र्याच्या बाबतीत त्यांना एकच पद्धत माहीत होती, जी त्यांच्या मास्तरांनी त्यांच्यावर वापरली होती. आपल्याकडे छडी आणि विद्या यांची जोडी इतकी जुनी आहे की २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १७नं शाळेत मारायला बंदी घातली, तरी पालकच मास्तरला सांगतात, "द्या दोन ठेवून." माणसाच्या पोराची ही गत, तर कुत्र्याची काय कथा! वर आपल्याकडे म्हण तयारच आहे: कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. शिकवणाऱ्याचं अपयश शिकणाऱ्याच्या शेपटावर टाकायची याहून सोयीची म्हण नसेल. अहो, गावठी कुत्र्याचं शेपूट मुळातच वाकडं असतं. ते सरळ करायचं होतं कुणाला?

बाबांचं एक वेळ सोडा, त्यांच्या हातात इंटरनेट नव्हतं. तुमच्या-माझ्या हातात आहे, आणि तिथं काय शिकवलं जातं? काळा टीशर्ट घातलेला एक बुवा छत्तीस सेकंदांत सांगतो, 'तुम्ही अल्फा बना.' कुत्र्याच्या आधी जेवा, दारातून आधी तुम्ही जा, उलट केलं तर त्याला जमिनीवर उताणं दाबून धरा. गळ्यात काट्यांचा पट्टा, नाहीतर रिमोटवर शॉक देणारा पट्टा. खाली कमेंटांत 'रिस्पेक्ट भाऊ'. ही तुराटीच आहे, फक्त चार्जिंगवर चालणारी.

या अल्फा प्रकरणाची गंमत बघा. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या संशोधकानं बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण लिहिलं. एका आवारात कोंबलेले ते लांडगे वरचढ ठरण्यासाठी भांडायचे. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९७०च्या आपल्या लांडग्यांवरच्या पुस्तकात ही कल्पना पुढे नेली आणि ती जगभर पसरली. मग त्याच मेकनं वर्षानुवर्षं मोकळ्या रानातले लांडगे बघितले आणि १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं असतात. तिथं कुणी लढाई जिंकून 'अल्फा' होत नाही, आईबाप असतात म्हणून ते पुढे असतात. आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून तो प्रकाशकाच्या मागे लागला. ज्यानं कल्पना पसरवली त्यानं ती मागे घेतली, पण रीलवाल्यांपर्यंत ती बातमी पोचलीच नाही. आणि दाब-दडपणाचं हे शिक्षण त्याहूनही जुनं. कोनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्यानं १९१० साली कुत्रे शिकवण्याचं पुस्तक लिहिलं, पोलिसी आणि लष्करी कुत्र्यांसाठी. ती बराक आपण घरात आणून ठेवली.

बरं, याचा उपयोग तरी होतो का? २००९ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी दवाखान्यात येणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तुम्ही काय काय केलंत आणि कुत्रं कसं वागलं. ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली, त्यांच्यापैकी ४३ टक्के लोकांना कुत्रं उलट अंगावर आल्याचा अनुभव होता. उताणं दाबून धरणाऱ्यांत ३१ टक्के. २०२० साली पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांचा अभ्यास झाला. शिक्षा करून शिकवलेल्या कुत्र्यांच्या लाळेत शिकवणीनंतर ताणाचं संप्रेरक जास्त वाढलेलं आढळलं. त्यातला दुसरा प्रयोग मला जास्त लागला. खोलीत एका बाजूला ठेवलेल्या वाडग्यात नेहमी खाऊ असतो, दुसऱ्या बाजूचा वाडगा नेहमी रिकामा, हे कुत्र्याला आधी कळू दिलं. मग वाडगा मधोमध ठेवला. आता यात खाऊ असेल की नसेल? बक्षिसावर शिकलेली कुत्री लगबगीनं गेली. ज्या ठिकाणी शिक्षेचा वापर जास्त होता तिथली कुत्री रेंगाळत गेली. त्यांना वाटत होतं, नसेलच. घरातलं एखादं पोर परीक्षेच्या निकालाला असं रेंगाळत जाताना तुम्ही पाहिलं असेल.

आता वर्ध्याचं बोलू. १९३७ सालच्या ऑक्टोबरात, २२ आणि २३ तारखेला, याच शहरात शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नयी तालीम निघाली. शिक्षण मातृभाषेत हवं, हातानं करत शिकायला हवं, हे तिथं ठरलं. त्या वर्ध्यात आज संध्याकाळी रामनगरपासून नागपूर रोडपर्यंत चालत जा. घरोघरी माय वऱ्हाडी बोलते, बाप मराठी-हिंदी बोलतो आणि कुत्र्याशी सगळे इंग्रजी. "टॉमी, सिट! सिट! अरे सिट ना बे!" मी विनोद करते आहे, पण अर्धाच. कुत्र्याला कुठलीच भाषा येत नसते, त्याला आवाज ओळखता येतो. म्हणून शब्द कुठलाही चालतो, फक्त घरातल्या सगळ्यांचा एकच हवा आणि तो रोजच्या बोलण्यात सांडलेला नको. याच कारणानं आपला लाडका 'बस' हा शब्द कुत्र्यासाठी वाईट. आपण दिवसभर म्हणत असतो: बस झालं, बस कर, बस आली का, बस ना थोडा वेळ. कुत्र्यानं कितीदा बसावं? आजीला म्हणायला सोपा पडेल असा एखादा शब्द घ्या. माझ्या घरी 'खाली' आहे.

आणि आपल्या भाषेत कुत्र्यासाठी शब्द तरी किती आहेत? बोलवायला 'यू यू', अंगावर सोडायला 'छू' आणि हाकलायला 'हाड'. तिसरा सगळ्यात जास्त वापरला जातो, इतका की माणसाला तुच्छतेनं वागवण्याला आपण 'हाडतूड' म्हणतो. ज्या नामदेवानं भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, त्याची गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो, डोळे पुसतो, आणि बाहेर आलो की मंडपाशी झोपलेल्या कुत्र्याला हाड म्हणतो.

गांधीजींचं नाव घेऊन भूतदयेचा उपदेश करणारेही इथं कमी नाहीत. त्यांना एक अवघड गोष्ट आठवण करून द्यावीशी वाटते. सेगावात यायच्या दहा वर्षं आधी, १९२६ साली, अहमदाबादेत गिरणीमालक अंबालाल साराभाईंनी आवारातली साठ भटकी कुत्री मारवली, तेव्हा गांधीजींनी त्यांची बाजू घेतली होती. 'यंग इंडिया'त त्यावर आठवडेच्या आठवडे वाद चालला. कुत्र्यांना मारण्याचं ते उत्तर मला मान्य नाही. आज लसीकरण आहे, नसबंदी आहे. तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. पण त्यांच्या म्हणण्यातला एक भाग अजून बोचतो. रस्त्यावर बिस्किटं टाकून निघून जाणं ही दया नव्हे. कुत्रं पाळायचं तर त्याची पुरती जबाबदारी घ्या. आपण काय करतो? पिल्लू डोळे उघडलं की आईखालून उचलतो, दोन महिने रील बनवतो, मग ते मोठं होऊन चप्पल फाडायला लागलं की साखळीला बांधतो, आणि चावलं की पोतं काढतो. रस्त्यावरची कुत्री काही आभाळातून पडत नाहीत. त्यातली काही आपल्याच अंगणातून गेलेली असतात.

तर शिकवायचं कसं? घरीच. नागपूरला महिनाभर 'ट्रेनिंग'ला ठेवून तयार कुत्रं आणायची टूम आली आहे. माझं तिच्याशी भांडण साधं आहे. तिथं कुत्रं त्या माणसाचं ऐकायला शिकतं आणि तुम्ही काहीच शिकत नाही. शिकायचं असतं मुख्यतः तुम्हाला.

मी आता वर्धा शहरात राहते. चिंगी ही माझी कुत्री, गल्लीतलीच. तिच्यासाठी मला लागलं एक उकडलेलं अंडं. एका अंड्याचे तुरीच्या दाण्याएवढे वीस-पंचवीस तुकडे होतात, तेवढ्यात दिवसाची शाळा होते. उकडलेलं चिकन, पनीर, बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे, पोळीचा तुकडासुद्धा चालतो. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट कुत्र्याला विषारी, ते अजिबात नाही. आणि गोरसपाक नको, कितीही मागितला तरी. तूप-साखर आहे ती, आपण खावी.

तुकडा चिमटीत धरून तिच्या नाकाशी न्यायचा आणि हळूच डोक्यावरून मागे सरकवायचा. नाक वर गेलं की ढुंगण आपोआप खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी जिभेनं 'टक्' असा आवाज करायचा आणि तुकडा द्यायचा. बैल हाकताना जिभेनं टकटक करणारे आपण, हे शिकायला आपल्याला क्लिकर विकत घ्यायची गरज नाही. तो 'टक्' म्हणजे 'हेच, अगदी हेच' असं सांगणं. दोन सेकंद उशीर झाला तर कुत्र्याला वाटतं उठण्याचं बक्षीस मिळालं. आठ-दहा वेळा असं झालं की मग शब्द जोडायचा. एकदाच म्हणायचा. सात वेळा म्हटलात तर ते शिकतं की सातव्यांदा बसायचं असतं. पाच मिनिटं झाली की शाळा सुटली.

इथं बहुतेकांचं चुकतं ते पुढे. स्वयंपाकघरात 'खाली' येतं म्हणून बजाज चौकात येईल असं धरून चालतात. कुत्र्यासाठी ती दोन वेगळी वाक्यं आहेत. आधी खोली, मग अंगण, मग पहाटेची रिकामी गल्ली, मग लोकांची गल्ली. प्रत्येक ठिकाणी पुन्हा पहिलीपासून. आणि वर्ध्याच्या मे महिन्यात हे सगळं पहाटे साडेपाचला नाहीतर दिवे लागल्यावर. सिमेंटच्या रस्त्यावर हाताची पाठ ठेवून बघा, पाच सेकंद ठेवता आली नाही तर तिचे पंजेही ठेवू नका.

'ये' हा शब्द तर देवघरातल्या समईसारखा जपायचा. 'ये' म्हटलं, कुत्रं आलं, आणि तुम्ही त्याला पकडून आंघोळ घातली किंवा साखळीला अडकवलं, की तो शब्द मेला. पळून गेलेलं कुत्रं अर्ध्या तासानं परत आल्यावर त्याला मारणारे लोक मी रोज बघते. त्याला पळण्याची शिक्षा मिळत नाही, येण्याची मिळते. चिंगी दहा मिनिटं उशिरा आली तरी मी तिला तुकडा देते. माझा राग माझ्यापाशी.

ताटलीचं मी भुऱ्यामुळे शिकले. चिंगी जेवताना मी तिच्याजवळून जाते आणि जाताना तिच्या ताटलीत अंड्याचा तुकडा टाकते. काही काढून घेत नाही. आता मी जवळ आले की ती शेपूट हलवते, कारण माणूस जवळ येणं म्हणजे भर पडणं. भुऱ्याच्या ताटलीजवळ माणूस येणं म्हणजे लूट होती.

गावात हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, लाडावलेलं कुत्रं जागल काय करणार? मी उलट विचारते, तुराटीला भिणारं कुत्रं अंधारात तुमच्या हाकेला येईल का? डुकरांमागे धावत गेलेलं कुत्रं एका हाकेत परत आलं तर जिवंत राहतं. बोरच्या बाजूला बिबट्यापेक्षा हे जास्त कामाचं. दुसरा प्रश्न, गावठी कुत्र्याला एवढं कळतं का? कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवरच काम केलं आहे. २०२०च्या त्यांच्या अभ्यासात अनोळखी माणसानं बोट दाखवलेल्या वाडग्याकडे, जवळ आलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्री बरोबर गेली. कुणी शिकवलेलं नसताना. मात्र जवळपास निम्मी कुत्री माणसाच्या जवळच आली नाहीत, भेदरून लांब राहिली. त्याआधी २०१७ साली त्यांना दिसलं होतं की ओळख वाढवायला अनोळखी माणसाचा प्रेमानं फिरलेला हात खाण्यापेक्षा जास्त कामी येतो. म्हणजे अक्कल आहे. नाही तो विश्वास, आणि तो का नाही हे आपल्याला ठाऊक आहे.

जे कुत्रं आधीच चावरं झालं आहे त्यावर मात्र घरी प्रयोग करू नका. जाणत्या पशुवैद्याकडे न्या, मुलांपासून लांब ठेवा, तोंडाला जाळी लावा. आणि पिल्लू आणायचं असेल तर दोन महिन्यांचं होऊ द्या. तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लू जग कसं आहे ते ठरवतं. जॉन स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ सालच्या पुस्तकात हे मांडलं. निम्मे दिवस आई-भावंडांसोबत गेले पाहिजेत आणि निम्मे तुमच्या घरातल्या कुकरच्या शिट्टीसोबत, पोरांच्या आरड्यासोबत, मोटारसायकलच्या आवाजासोबत. ते दिवस साखळीला काढले तर पुढची दहा-बारा वर्षं तुम्ही निस्तरत बसता.

दिवाळीला बाबा माझ्याकडे आले होते. भाचाही होता, पाच वर्षांचा. चिंगी कोपऱ्यात हाडूक घेऊन बसलेली, आणि माझं लक्ष गॅसवर. भाचा तिच्याकडे निघाला. ती गुरगुरली. बारीकच, पण सगळ्यांना ऐकू आली.

मी वळले तेव्हा बाबांच्या हातात दारामागचा झाडू होता. कधी घेतला ते त्यांनाही कळलं नसावं. चिंगीनं झाडूकडे बघितलं. बाबांनी चिंगीकडे बघितलं. मग त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि भाच्याला हाक मारली, "इकडं ये बाप्पा. जेवू दे तिले."